गवई मागे वळला तेव्हा
धुपाचा वास आला की मला जगतपुऱ्यातल्या कॉलेजचं ते नाटक आठवतं. माझ्या मुलीच्या वर्गाने एक ग्रीक कथा राजस्थानी गाण्यांत बसवली होती आणि पाताळातला धूर म्हणून रंगमंचावर चक्क धूपदाण्या मांडल्या होत्या. आदल्या दिवशी ती माझ्या आईला समजावत होती, "आजी, मतलब तो सिंगर आपल्या मेलेल्या बायकोला परत आणतो, पण रस्त्यात मागे नाही बघायचं, अशी अट आहे." आई नुसतं "हं" म्हणाली. बाबांना जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. प्रयोगात रावणहत्थ्याचे सूर थांबले, गवई वळला आणि बायको धुरात नाहीशी झाली. सगळे हळहळले, आई मात्र चांगली मोठ्याने म्हणाली, "बरं केलं. निदान बघितलं तरी." मी गोंधळलो. स्मशानातून निघताना पंडितजींनी मलाही मागे बघू नका म्हणून बजावलं होतं. नाटकाहून घरी येताना ऑटोत आई आणि मी दोघंच होतो. माझा हात धरून तिने विचारलं, "तू नाही ना रे वळलास?" तिला काय ऐकायचं होतं, तेच मला कळेना. रीत सांभाळलेली बरी म्हणून मी म्हणालो, "नाही." तिने हात सोडला, की पदर सावरायला काढून घेतला, कोण जाणे. आत्ता ती धूप लावून देवापुढे पाठमोरी बसली आहे आणि मी दारातच घुटमळतोय. मी वळलो होतो, हे तिला अजून सांगितलेलं नाही.