बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर आणि आईचे रविवार

आमच्या होम थिएटरला बाहेरून वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडला तर आवाज सुधारेल का, या एका प्रश्नावर मी अख्खा उन्हाळा घालवला. बँकेत जेवणाच्या सुट्टीतसुद्धा मोबाइलवर त्याच विषयावरची भांडणं वाचत बसायची. अर्धे लोक छातीठोकपणे सांगत, स्पीकर ओळखू येणार नाहीत इतका फरक पडतो. बाकीचे म्हणत, काडीचाही फरक पडत नाही. मला पहिल्या लोकांचं पटायचं, कारण मला तेच हवं होतं. आईसाठी हवं होतं.

आई उज्जैनच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉलच्या काळात कानाला हेडफोन लावून ती त्या सगळ्या खरखरीतून समोरच्याचा नंबर पहिल्या खेपेत बरोबर टिपून घ्यायची. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आम्ही दोघी मोठ्या टीव्हीवर मराठी नाटकांची रेकॉर्डिंग लावत असू. आपल्याकडे उज्जैनला नाटक वर्षातून एखादंच येतं, त्यामुळे तेवढाच आधार. मधला एक स्पीकर बोलण्यासाठी, दोन उंच स्पीकर बाजूला, दोन छोटे मागे आणि हे सगळं चालवणारा रिसीव्हर, असा सरंजाम मी हौसेने जमवला होता. माझ्या नवऱ्याला त्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही.

एक दिवस आईने विचारलं, "तो काय बोलून राहिलाय गं?"

मी सांगितलं. पाच मिनिटांनी परत तेच. मी आवाज वाढवला, तर मधलं संगीत अंगावर आलं आणि आईने कपाळाला आठ्या घातल्या. "आवाज खूप आहे. शब्दच येत नाहीत."

हळूहळू ती नाटक पाहायचं सोडून माझ्या तोंडाकडे पाहायला लागली. सगळे हसले की अर्धा क्षण उशिरा हसायची. नवरा एकदा सहज म्हणाला, "आई, एकदा कान दाखवून येऊ या का?"

"माझे कान?" आई ताडकन उठली. "जन्मभर कानांवर नोकरी केली मी. तुमचं यंत्र दाखवा कोणाला तरी."

मीही तिचीच बाजू घेतली. एकटा रिसीव्हर पाच स्पीकर ओढतोय, त्यातले दोन चांगलेच जड, आवाज वाढवला की तो तापतो. बिचारा दमत असणार. त्याला बाहेरून जोर मिळाला की शब्द आपोआप मोकळे होतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

देवास गेटजवळच्या एका गल्लीत भजन मंडळांचे आणि बँडवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक काका बसतात. साठीच्या पुढचे, डोक्यावर कानांपर्यंत ओढलेली सुती टोपी. त्यांना मी सगळं सांगितलं.

"रिसीवर के पीछे प्री-आउट है?" त्यांनी विचारलं. म्हणजे आवाज दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवता येईल अशी भोकं.

"है."

"तो जुड़ जाएगा. पर बिना सुने मैं हाँ नहीं बोलता, बहनजी. इतवार को एक लेकर आता हूँ, लगाकर देखेंगे."

रविवारी ते ऑटोतून आले. अ‍ॅम्प्लिफायर भरलेल्या गॅस सिलिंडरइतका जड. नवरा आणि ते, दोघांनी मिळून तो वर आणला. वायरी जोडून झाल्या. मी नाटक लावलं आणि पहिल्याच वाक्याला ओरडले, "बघा! केवढा फरक आहे!"

काका हसले. "अभी यह ज़ोर से बज रहा है, इसलिए अच्छा लग रहा है. पहले दोनों बराबर करने दो."

त्यांनी मीटर काढलं, स्पीकरच्या वायरींना लावलं आणि रिसीव्हरचा आवाज आणि अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज अगदी सारखा करून घेतला. मग मला पाठ करून बसायला सांगितलं. कधी हा, कधी तो, असं ते बदलत गेले आणि मी ओळखत गेले. नाटकातल्या बोलण्यावर मी जितक्या वेळा बरोबर आले, साधारण तितक्याच वेळा चुकले. एकदा तर नुसत्या रिसीव्हरला मी ठासून "हाच तो बाहेरचा!" म्हणाले. नवरा दाराशी उभा राहून हसत होता.

मग त्यांनी तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि आवाज बराच वाढवला. तिथे मात्र मी एकदाही चुकले नाही. अ‍ॅम्प्लिफायरवर डग्गा भरून आणि स्वच्छ येत होता, रिसीव्हरवर तो दबत होता.

"समझीं? ऊँची आवाज़ पर आपका रिसीवर थकता है. वहाँ यह काम का है. पर बातचीत के लिए उसमें दम कम नहीं है."

आई सोफ्यावर शांत बसली होती. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "मला दोन्हीत काहीच कळलं नाही." असं ती पहिल्यांदाच सरळ म्हणाली. यंत्राला दोष न देता. तीन महिने मी जे शिकत होते, ते तिच्या उपयोगाचं नव्हतं.

काका गुडघ्यावर बसले आणि टीव्हीखालच्या कपाटात वाकून पाहायला लागले. मधला स्पीकर मी तिथे आत, अगदी मागे सारून ठेवला होता, म्हणजे पुसायला सोपं. "यह तो घुटनों से बात कर रहा है," ते म्हणाले. त्यांनी तो कडेपर्यंत पुढे ओढला, खाली लाकडाची पट्टी सारून तोंड वर केलं, सोफ्याच्या दिशेने. रिसीव्हरमध्ये एकट्या त्याचा आवाज थोडा वाढवला. मग टाळी वाजवली. उघड्या भिंतींवरून आणि फरशीवरून ती खणखणीत परत आली. आईने कोणी न सांगता आतून भैरवगढची छापील जाड चादर आणली आणि नवऱ्याने ती समोरच्या भिंतीवर टांगली. खाली सतरंजी अंथरली.

परत तोच प्रवेश लावला. आई पुढे झुकली. "चहा गार झाला, म्हणाला ना तो?"

"हो!"

आणखी दोन वाक्यं तिने पकडली. तिसरं सुटलं, चौथं सुटलं. तिचा चेहरा परत उतरला.

काकांनी टोपी काढली. त्यांच्या दोन्ही कानांमागे छोटी यंत्रं होती. "माताजी, चालीस साल भोंगों के बीच काटे हैं. मैं भी मानता नहीं था. ग्राहक कहता आवाज़ फट रही है, मैं कहता नहीं फट रही. फिर एक दिन लगवा लिया. अब आपका यह पंखा भी सुन रहा हूँ."

आईने आधी पंख्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "दुखतं का?" तिने मराठीतच विचारलं.

"दो-चार दिन अजीब लगता है. बस."

त्यांनी चहा घेतला, आणलेला अ‍ॅम्प्लिफायर परत घेऊन गेले. "पहले माताजी का काम करो," एवढंच जाताना म्हणाले.

त्याच आठवड्यात आई तपासणीला आली. मी आग्रह केला नाही; सकाळी तीच साडी बदलून तयार बसली होती. तपासणाऱ्या मुलीने आलेख दाखवून समजावलं, की खालचे सूर आईला छान ऐकू येतात, वरचे जवळजवळ नाहीत. स, श, त, फ, ही अक्षरं गळून जातात. म्हणून आवाज येतो आणि शब्द येत नाही. आईने तो कागद बराच वेळ हातात धरला. "म्हणजे मी वेडी नाही होऊन राहिले," ती हळूच म्हणाली. ही भीती तिच्या मनात होती, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

कानातली यंत्रं आली आणि पहिले दोन दिवस घरात भांडणच होतं. नळ ओरडतो, वर्तमानपत्र कडकडतं, तुझ्या बांगड्या बंद कर. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने यंत्रं डबीत टाकून डबी फ्रिजवर ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला उठले, तर ती गॅलरीत बसली होती आणि दोन्ही कानांत यंत्रं होती. "चिमण्या इतक्या बोलतात?" तिने विचारलं.

महिनाभराने एका रविवारी नाटक सुरू असताना ती मला म्हणाली, "आवाज कमी कर गं थोडा. कान फुटून राहिलेत." मी कमी केला. एका विनोदावर ती माझ्या आधी हसली, आणि त्या हसण्यात मला पुढचं वाक्य ऐकू आलं नाही. मी मागे नेऊन पुन्हा लावलं, तर म्हणाली, "लक्ष कुठे असतं तुझं?"

अ‍ॅम्प्लिफायर मी पुढे घेतलाच. काकांकडचा तोच, फक्त त्या दोन उंच स्पीकरांसाठी. संगीत मोठ्याने लावलं की रिसीव्हर आता तापत नाही आणि डग्गा पोटापर्यंत येतो. बँकेत कुणी विचारलं तर मी सांगते, तुमचं यंत्र दमत असेल तरच घ्या, आणि आधी घरी दोन्हींचा आवाज सारखा करून पाठ फिरवून ऐका. लोकांना हे उत्तर फारसं आवडत नाही.

पुढच्या महिन्यात इंदूरला एक नवं नाटक येतंय. आईने परवा मला तिकिटं काढायला लावली. मी आपली पहिल्या रांगेची शोधत होते.

"पहिली कशाला?" ती म्हणाली. "मान दुखते तिथे. सहावी-सातवी बघ. मधली."