काचेवर न दिसणारं पाणी

त्याला सगळे थेंब्या म्हणत. खिडकी धुऊन झाली की तो चार पावलं मागे सरायचा, मान वाकडी करून काचेकडे तिरपं बघायचा आणि कुठे एखाद्या सुकलेल्या थेंबाचा डाग दिसलाच, तर पुन्हा जाऊन तो काढून यायचा. गिऱ्हाईक घाईत असलं तरी. लोकांनी हे नाव काही कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. पण ते चिकटलं, आणि पुढे त्यानं व्हॅनच्या दारावरही तेच रंगवून घेतलं.

व्हॅन चालवायची त्याची थोरली बहीण. ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. नवरा वारल्यावर ती भावाकडे राहायला आली, आणि महिनाभर नुसतं बसून राहिल्यावर कंटाळून त्याच्याबरोबर कामाला जायला लागली. या गोष्टीला सतरा वर्षं झाली. काच आतून ताईची, बाहेरून थेंब्याची, अशी वाटणी होती.

"मला दिवसाला एक बादली पुरते," ती गिऱ्हाइकांना ऐकवायची. "ह्याला हौद लागतो. लहानपणी आंघोळ टाळून पळायचा, ते सगळं आता काचांवर फेडतोय."

हौद लागायचा हे खरं. व्हॅनमध्ये सहाशे लिटरची टाकी होती. तिथून पंपानं पाणी नळीतून वर चढायचं, लांब काठीच्या टोकाला बसवलेल्या ब्रशातून काचेवर पडायचं आणि मळ घेऊन खाली यायचं. काच पुसायची नाही. ती आपोआप वाळते. सगळी मेख या वाळण्यातच आहे. पाण्यात क्षार असले की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. प्रत्येक थेंबाची पांढरी टिकली उठते. म्हणून या धंद्यात पाणी नुसतं स्वच्छ असून भागत नाही, ते जवळजवळ रिकामं असावं लागतं. थेंब्याच्या वरच्या खिशात पेनाएवढं एक मीटर असायचं. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवायचं. दहाच्या आत आकडा आला की काच अशी वाळायची की जणू तिथे काच नाहीच.

असं पाणी त्याला सोळा वर्षं फुकट मिळालं. गावाबाहेर धान्याचं जुनं गोदाम होतं. त्याच्या पत्र्यावर पडणारं पावसाचं पाणी जमिनीखालच्या मोठ्या टाक्यात उतरायचं. गोदामवाल्याच्या छपरातल्या काचा वर्षातून दोनदा धुवायच्या आणि लागेल तेवढं पाणी न्यायचं, एवढाच करार, तोही तोंडी. मग रस्ता रुंद करायचा ठरला. गोदाम पाडलं आणि टाकं त्याच्याच विटामातीनं बुजवलं. ते बुजवत होते तेव्हा थेंब्या सायकल टेकवून बघत उभा होता. टाक्यात अजून निम्मं पाणी होतं.

त्यानंतर पाण्याचा शोध सुरू झाला. घरच्या नळाचं पाणी मीटरनं सातशे चाळीस दाखवलं. टँकरवाल्याचं त्याहून वाईट.

"अहो, पाणी म्हणजे पाणी," टँकरवाला म्हणाला. "माणसं पितात, म्हशी पितात, तुमच्या काचाच तेवढ्या नाजूक का?"

मग त्यानं पाणी गाळायचं मशीन आणून घरच्या नळाला जोडलं. मशीन चोख काम करायचं. पण एक बादली चांगलं पाणी काढायला ते तीन बादल्या गटारात सोडायचं. गावात नळाला पाणी तासभर यायचं, आणि त्याच तासाला थेंब्याच्या घरामागून गटार खळाळत वाहायचं. चौथ्या दिवशी शेजारच्या वहिनी रिकामा हंडा कमरेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या भांडल्या नाहीत.

"भाऊजी, आमच्याकडे टाकीच्या तळाशी पाणी गेलंय," त्या म्हणाल्या, "आणि तुमचं गटार तेवढं भरून वाहतंय. तुमच्या काचांची आंघोळ झाली की सांगा. आम्ही मग तोंड धुऊ."

त्याच दुपारी त्यानं मशीन काढलं. ताई पाना धरून उभी राहिली.

इकडे उन्हाळा चढत होता आणि टेकडीवरच्या रुग्णालयाच्या काचा धुवायची तारीख जवळ येत होती. बाकीचं काम म्हणजे चार शेतघरं, शाळा आणि बँकेची शाखा, असं विखुरलेलं. दोनशे चौदा खिडक्यांच्या त्या रुग्णालयामुळेच व्हॅन दारात उभी होती. ते गेलं की व्हॅन विकायची आणि काठी माळ्यावर टाकायची, हे दोघांनाही न बोलता माहीत होतं. शहरातली एक कंपनी रुग्णालयाला पत्रावर पत्रं पाठवत होती. स्वतःचा पाण्याचा ट्रक, गणवेश घातलेली माणसं. मेट्रनबाईंनी ते थेंब्याला सरळ सांगितलं होतं. "अकरा वर्षं तुमचं काम बघतेय, म्हणून थांबलेय. पण यंदा महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी विश्वस्त पाहणीला येणार आहेत. त्याआधी काचा लख्ख पाहिजेत."

पाहणीला दहा दिवस उरले असताना दूध पावडरच्या कारखान्यातला बॉयलरवाला चहाच्या टपरीवर भेटला. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा. अरे, आम्ही दूध आटवतो. त्याची वाफ होते, वाफेचं पाणी होतं, आणि ते आम्ही ओढ्यात सोडतो. उकळून वर गेलेलं पाणी! त्यात क्षार कुठून येणार?"

थेंब्या तसाच उठून कारखान्याच्या मागच्या पाइपाशी गेला. पाणी कोमट होतं. मीटर बुडवलं. सहा. त्यानं मीटर झटकून पुन्हा बुडवलं. पुन्हा सहा. ओढ्यात जाणारं पाणी, म्हणजे कुणाच्या हंड्यातलंही नाही.

ताईनं ओंजळीत पाणी घेऊन नाकाशी धरलं. "याला वास येतोय."

"कसला?"

"उतू गेलेल्या दुधाचा."

"ताई, सहा आकडा आहे. गोदामाचा आठ असायचा."

"मीटरला नाक नाही."

"काचेलाही नाही," तो म्हणाला. खूप दिवसांनी त्याला उत्तर सुचलं होतं. ताईनं ओंजळ सोडली आणि हात पदराला पुसले.

चूक इथे झाली, आणि ती या धंद्यातल्या मुरलेल्या माणसाचीच होऊ शकते. मीटर क्षार मोजतं, स्निग्धता मोजत नाही. आटताना वाफेबरोबर दुधाचा अंश वर जातो, आणि तो कितीही असला तरी मीटर त्याला ओळखत नाही. नवख्या माणसानं नाकावर विश्वास ठेवला असता. थेंब्यानं सतरा वर्षं आकड्यावर ठेवला होता आणि आकड्यानं त्याला कधी फसवलं नव्हतं.

शनिवारी आणि रविवारी दोघांनी मिळून दोनशे चौदा खिडक्या धुतल्या. काचा सुरेख वाळल्या. थेंब्यानं सगळ्या तिरप्या नजरेनं तपासल्या, एकही टिकली नव्हती. मेट्रनबाई स्वतः खाली येऊन बघून गेल्या. परतताना व्हॅनमध्ये तो शीळ घालत होता.

सोमवारी दुपारी निरोप आला.

काचांवर साय धरावी तसा पातळ पडदा आला होता. ऊन पडल्यावर तो आंबला होता आणि त्याच्यावर धूळ बसली होती. धुळीत माश्या होत्या. मेट्रनबाईंनी त्याला मागच्या बाजूच्या पुरुषांच्या वॉर्डात नेलं आणि खिडकीसमोर उभं केलं. खिडकीजवळच्या पलंगावर पाय प्लास्टरमध्ये टांगलेला एक माणूस होता. बोलायला कुणीतरी आलं म्हणून तो खूश दिसला.

"सकाळपासून एकशे बारा मोजल्या," तो म्हणाला. "सगळ्या बाहेरून आहेत, आत एक पण येत नाही. तेवढं काम चांगलं झालंय."

"काय लावलंत काचांना?" मेट्रनबाईंनी विचारलं.

थेंब्यानं ताईकडे पाहिलं. ताई खिडकीकडे बघत होती. मी सांगितलं होतं, असं ती तेव्हा म्हणाली नाही आणि नंतरही कधी म्हणाली नाही.

"पावडरच्या कारखान्यातलं पाणी वापरलं," तो म्हणाला. "दुधाच्या वाफेचं."

"रुग्णालयाच्या खिडक्यांना दूध." मेट्रनबाईंचा आवाज चढला नाही. "शुक्रवारी दहा वाजता विश्वस्त येतील. त्याच्या आत हे काढा. पुढचं मी तेव्हा सांगेन."

पडदा काढायला गरम पाणी आणि साबण पुरे होता. ते रुग्णालयाच्या नळानंही भागत होतं. पण साबणावरून शेवटचं पाणी फिरवायचं ते रिकामंच हवं होतं. खिडकीला तीन लिटर धरले तरी टाकीभराहून थोडं जास्त. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला कातळातून एक झरा पाझरतो, हे ताईला आठवलं. मंगळवारी उजाडता दोघं तिथे पोचली. मीटरनं चोवीस दाखवलं. दहाच्या वर, पण डाग जेमतेम दिसेल इतकंच. या वेळी थेंब्यानं आधी वास घेतला, मग चव घेतली, मग ओंजळ ताईपुढे केली. तिनं मान डोलावली.

झरा बोटाएवढा होता. वीस लिटरचा कॅन भरायला चाळीस मिनिटं लागायची. उजाडल्यापासून मावळेपर्यंत अठरा कॅन. दोन दिवसांत टाकी भरून वर उरलं असतं. तिसरा कॅन भरत असताना वरच्या पायवाटेनं शेळ्या उतरल्या. त्यांच्यामागे एक म्हातारी होती, हातात काठी आणि दोन डबे. शेळ्यांनी कातळातल्या खळग्यात तोंडं घातली. खळगा कोरडा होता.

म्हातारीनं कॅनकडे पाहिलं, मग व्हॅनकडे. "कशाला रे एवढं पाणी?"

"काचा धुवायच्यात, आजी."

"काचा पितात होय एवढं?" ती खाली बसली. "माझ्या शेळ्या तर एवढ्याच आहेत, बावीस. आणि मी एक. इथून पुढे पाणी खालच्या गावातच. तिथवर मी जाईन, पण परत चढणार कोण?"

थेंब्यानं धारेखालचा कॅन बाजूला केला. शेजारच्या वहिनींचा रिकामा हंडा त्याच्या डोळ्यांपुढून गेला नसेल, असं म्हणता येणार नाही. त्यानं भरलेला कॅन उचलला आणि खळग्यात ओतला.

"एक तुमचा, एक माझा," तो म्हणाला.

"थेंब्या," ताई हळूच म्हणाली, "निम्मंच होईल."

"होऊ दे."

दोन दिवसांत अठरा कॅन टाकीत पडले. गुरुवारी उजाडल्यापासून दोघांनी काम सुरू केलं. आधी गरम साबण, मग चोळणं, मग वरून झऱ्याचं पाणी. दुधाचा अंश सहज सुटत नव्हता. एकेका काचेवर दोनदा हात फिरवावा लागत होता. ताईचं वय एकोणसाठ. दुपारनंतर ती शिडीवर चढेना, थेंब्याही चढ म्हणेना. अंधार पडला तेव्हा दर्शनी बाजूच्या एकशे चार खिडक्या झाल्या होत्या. मागच्या बाजूला हातही लागला नव्हता.

शुक्रवारी विश्वस्त आले, पुढून आत गेले आणि वॉर्ड बघत बघत मागे पोचले. तासाभरानं मेट्रनबाई व्हॅनपाशी आल्या.

"पुढची बाजू सुरेख झालीय," त्या म्हणाल्या. "त्यांनी मला मागच्या बाजूबद्दलच विचारलं." पुढे म्हणाल्या, "शहरातल्या कंपनीचं पत्र आज मंजूर झालं. सोमवारी त्यांचा ट्रक येईल. मला आणखी थांबवता आलं नाही."

"तुम्ही थांबलात ते खूप होतं, बाई," थेंब्या म्हणाला.

त्या गेल्यावर ताईनं किल्ली फिरवली. थेंब्यानं हात आडवा धरला. टाकीत चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी उरलं होतं.

"आता कुणासाठी रे?" ताई म्हणाली. "सोमवारी ट्रक येतोय ना. ओतून दे आणि चल."

"मागे घे व्हॅन."

तिनं घेतली. पुरुषांच्या वॉर्डाखाली त्यानं नळी सोडली, काठी जोडली आणि एका टोकापासून सुरुवात केली. नळावरून आणलेल्या साबणाच्या बादल्या ताई पुढे करत होती. पंधराव्या खिडकीशी, टांगलेल्या पायाच्या माणसाच्या खिडकीशी, काच वरून खाली अर्धी धुऊन झाली आणि पंपानं हवा ओढली. त्याचा आवाज बदलला. ब्रशातून दोन-चार थेंब पडले, मग तेही थांबले.

खिडकीची वरची अर्धी काच वाळत चालली होती. खालच्या अर्ध्यावर साबणाचा फेस आणि त्यात अडकलेल्या माश्या होत्या. आतला माणूस उशीवर उंचावला, वरच्या काचेतून त्यानं खाली थेंब्याकडे पाहिलं आणि बोटानं खालचा अर्धा भाग दाखवला. मग हातानंच विचारलं: हे कधी?

ताई नळी गुंडाळायला लागली होती. थेंब्यानं मान आडवी हलवली. वरचा माणूस पुन्हा उशीवर टेकला. मान कशी हलली ते त्याला नीट दिसलं होतं. वरची काच स्वच्छ होती.