कादंबरीचं जपानी गाणं

कादंबरीनं हे गाणं निवडलं ते एकाच भरवशावर, की सभागृहात कुणाला ते कळणार नाही.

पुण्यात कॉलेजात असताना ती जपानी शिकली आणि त्याच जोरावर सिंगापूरला एका जपानी कंपनीत दुभाषी म्हणून लागली. तिथल्या तिच्याच वयाच्या बायका ऑफिस सुटलं की कराओकेला जात आणि हिलाही ओढून नेत. त्या एन्का गात, म्हणजे प्रेमभंगाची जुनी गाणी. पुरुष हमखास सोडून गेलेला, बाई एकटी बंदरावर आणि बाहेर बर्फ पडतोय. पन्नाशीला आलेल्या बायकांनी हे काय रडगाणं लावलंय, म्हणून कादंबरी सुरुवातीला गालातल्या गालात हसायची.

मग प्रोजेक्टसाठी पुण्याला गेलेल्या विक्रांतचा फोन आला. आपण परत येणार नाही, इथे दुसरं कुणीतरी आहे, असं नवऱ्यानं सरळ सांगून टाकलं. त्या दिवसापासून तिचं हसू संपलं. ती गाणी तिला आपलीच वाटायला लागली. कुणाला मात्र तिनं पत्ता लागू दिला नाही. मुलीची, इराची ए लेव्हलची, म्हणजे तिथल्या बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. ती पार पडेपर्यंत हे पोरीच्या कानावर जाता कामा नये, एवढं एकच तिनं घट्ट धरून ठेवलं होतं.

तिथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला जपानी गाणं हवंच, असा हट्ट धरला नीतानं. नीता निवेदिका. आपल्या लोकांना निवेदनाशिवाय गाणं घशाखाली उतरत नाही, आणि नीताच्या हातात माईक आला की गाणारीचा संसार चव्हाट्यावर आलाच म्हणून समजा.

"अर्थ काय गं याचा?" तिनं आधीच विचारून ठेवलं.

"समुद्र, बर्फ, चांदणं," कादंबरीनं ठोकून दिलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ती स्टेजवर उभी राहिली, ट्रॅक सुरू झाला, आणि मागचं दार ढकलून इरा आत आली. ती बिशानच्या लायब्ररीत अभ्यासाला बसलेली असायला हवी होती. इरानं शाळेत तिसरी भाषा म्हणून जपानी घेतलं होतं, तेही आईच्याच आग्रहानं.

आता थांबायची सोय नव्हती. गाण्यातली बाई मुलांना सांगते, बाबा समुद्रावर गेलेत, थंडी सरली की येतील. तो पलीकडच्या बंदरात दुसरीच्या घरी सुखात आहे, हे तिला पक्कं ठाऊक असतं. इरा कौतुकानं व्हिडिओ काढत होती. दुसऱ्या कडव्याला तिनं फोन खाली घेतला आणि ती आईकडे नुसती बघत राहिली. कादंबरीला नजर कुठे ठेवावी ते कळेना. आवाज मात्र असा लागला की कोपऱ्यात गप्पा मारणारे पुरुषही गप्प झाले.

टाळ्या थांबायच्या आत नीता माईक घेऊन पुढे आली. "पुण्यापर्यंत पोचलं असेल हो हे! आमचे विक्रांतराव कधी येताहेत मग?"

लोक हसले. इराची नजर हलली नाही.

"दिवाळीला," कादंबरी म्हणाली. पुन्हा टाळ्या पडल्या.

मसाला दुधाचे पेले फिरायला लागले तसं इरानं तिला दंडाला धरून बाहेर पॅसेजमध्ये नेलं.

"आई, that lady is lying to her kids, right?"

"गाणं आहे गं ते."

"So बाबा दिवाळीला येतोय?"

"तुझी परीक्षा होऊ दे, मग बोलू आपण," कादंबरीच्या तोंडून निघून गेलं. आपण उत्तर देऊन बसलो, हे तिला बोलल्यावर कळलं.

इरानं तिचा दंड सोडला. आतून नीताची हाक आली, दोघींचं दूध निवतंय म्हणून.

"नीतामावशी मला पण विचारेल," इरा हळूच म्हणाली. "मी काय सांगू? मी पण दिवाळी सांगू?"

कादंबरीला तिथेच, पॅसेजमध्ये, रडू फुटलं.