एकोणनव्वद टोल

आमचे सासरे मोजतात. लोकांचे सासरे पेपर वाचतात, चकाट्या पिटतात, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात, आमचे मोजतात. जिन्याच्या पायऱ्या मोजतात, जेवताना घास मोजतात. मी घरी शर्टांना काजं-बटणं करायचं काम आणते, तर बटणांचा डबा उलटा करून मोजतात आणि कारखान्यानं तीन कमी दिलीत हे मला सांगतात. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, माणूस भलताच चिकट दिसतोय. तसं काही नव्हतं. माणूस घाबरलेला होता, आणि हे कळायला मला बारा वर्षं लागली.

पूर्वी इथं राजघराण्याचं राज्य होतं. ते गेलं, पदव्या गेल्या, अर्ध्या महालाचं हॉटेल झालं. राहिली ती महादरवाज्यावरच्या मनोऱ्यातली घंटा. एरवी ती वाजत नाही. घराण्यातलं माणूस घरात वारलं तरच वाजते, आणि ती वाजवायचं काम आमच्याकडे, चार पिढ्या. गेलेल्या माणसाची जितकी पुरी वर्षं तितके टोल. एका टोलाचा नाद पुरता विरल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. टोलवाल्यानं मनातल्या मनात मोजायचं, वर दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही, आणि आकड्याबद्दल घराण्यातल्या कुणी टोलवाल्यापाशी चकार शब्द काढायचा नाही. तेवढा वेळ बाजारातली दुकानं एक फळी उघडी ठेवून बंद. महालातल्या बायकांनी केस मोकळे सोडून खिडकीशी बसायचं आणि टोलागणिक एकदा त्यांच्या केसांतून फणी फिरायची. एक टोल कमी पडला तर गेलेल्याचा पाय घरातून निघत नाही, असं म्हणतात. एक जास्त पडला, तर घरातलं आणखी एक माणूस जातं.

आता हे खरं की खोटं, मला विचारू नका. मी बटणं लावणारी बाई. पण सासऱ्यांचा त्यावर विश्वास होता, आणि एक्केचाळीस वर्षांपूर्वी थोरले मालक वारले तेव्हा त्यांनी एक टोल जास्त दिला होता.

हे मला सासूबाईंनी सांगितलं, त्या अंथरुणाला खिळल्यावर. म्हणाल्या, मी गेल्यावर यांना सांभाळून घे, यांच्या पोटात एक गोष्ट आहे. थोरले मालक सहासष्ट वर्षांचे. त्रेचाळिसाव्या टोलाला वाऱ्यानं डोळ्यांत धूळ गेली, हे डोळे चोळत राहिले, आणि मग समजेना की त्रेचाळीस झाला की व्हायचाय. व्हायचाय असं धरून यांनी दोर ओढला. खाली उतरता उतरता यांची खात्री पटली की सदुसष्ट पडले. आठ महिन्यांनी थोरल्या मालकांचा एकुलता एक मुलगा गेला, नऊ वर्षांचा. त्याचे टोलही यांनीच दिले. नऊ टोल द्यायला कितीसा वेळ लागतो? पण सासूबाई म्हणाल्या, त्या दिवशी घरी आलेला माणूस वेगळाच होता. तेव्हापासून जे मोजायला लागले ते आजतागायत.

त्यानंतर घंटा वाजली नाही. घराण्यातले बाकीचे परदेशी जाऊन तिकडेच वारले, आणि घराबाहेर वारलेल्याला टोल नसतो. इथं राहिल्या त्या एकट्या बाईसाहेब, थोरल्या मालकांच्या पत्नी, त्या मुलाच्या आई. हॉटेलच्या मागच्या चार खोल्यांत राहायच्या. सासरे दर आठवड्याला मनोरा झाडायला, कबुतरांची घाण काढायला जायचे. बाईसाहेब खिडकीत दिसल्या की खाली मान घालून भिंतीच्या कडेकडेनं निघून यायचे. एकदा त्यांनी माणूस पाठवून तब्येत विचारली, तर यांना दोन दिवस अन्न गेलं नाही. मी म्हटलं, अहो, चौकशीच केली ना, फाशीची शिक्षा तर नाही सुनावली. ते म्हणाले, तुला नाही कळायचं.

या वर्षी बाईसाहेबांनी अंथरूण धरलं आणि आमच्या घरात जणू परीक्षा सुरू झाली. एकोणनव्वद. सासरे दुपारचे खाटेवर बसायचे, चमच्यानं खाटेच्या दांडीवर टोल द्यायचे, आणि मी पलीकडे काजं करता करता ऐकायची. पंचेचाळिसापर्यंत गाडी नीट जायची. पुढे गडबड. साठाच्या घरात आले की घसरायचे, आणि सहासष्टावर तर हमखास थांबायचे. चमचा हातात तसाच, डोळे भिंतीकडे. मग पुन्हा पहिल्यापासून. चौऱ्याहत्तर वय, हल्ली त्यांनी केलेल्या भाजीत दोनदा मीठ पडायला लागलेलं, किल्ली हातात धरून किल्ली शोधायचे. यांच्या हातून पुन्हा चूक झाली तर हा माणूस त्यानंतर जगायचा नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

नवरा बाहेरगावी नोकरीला. त्याला फोनवर सांगितलं, तर म्हणतो, बाबांना जमणार नाही असं कळवून टाक आणि मोकळी हो. मोकळी हो म्हणे. मी ते एकदाच सासऱ्यांपुढे काढून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शिलाई मशीन पुसायला घेतलं. मशीन स्वच्छच होतं.

बाईसाहेब एका सकाळी गेल्या. दुपारी हॉटेलचा मॅनेजर स्वतः आमच्या दारात हजर. पोरगेला माणूस, गळ्यात टाय, घाम पुसत उभा. फार नम्रपणे म्हणाला की चार वाजता निघायचं आहे, बारा टोल दिलेत तरी पुष्कळ झाले, हॉटेलात पाहुणे आहेत, दीड तास घंटा म्हणजे जरा अवघड होतं. मला क्षणभर वाटलं, देवच धावला. बारापर्यंत तर आमचे सासरे झोपेतही मोजतील.

सासरे म्हणाले, "बाराच द्यायचे तर मला कशाला बोलावता? दारावरची बेल वाजवा."

मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, एकोणनव्वदच पडतील, पाहुण्यांना कानात कापूस घालायला द्या. तोंडातून निघून गेलं खरं.

ते अंघोळीला गेले तेव्हा मी डबा उपडा केला आणि एकोणनव्वद बटणं मोजून घेतली. शर्टाची पांढरी, चार भोकांची. दोनदा मोजली. तिसऱ्यांदा मोजली तेव्हा अठ्ठ्याऐंशी भरली आणि तोंडचं पाणी पळालं. एक तळहाताला चिकटलं होतं. चौथ्यांदा दहा-दहाचे ढीग लावून मोजली आणि छोट्या डबीत भरली. वर कुणी जायचं नाही, हा नियम. पण जिन्यात बसू नये असं कुठं कुणी म्हटलंय?

मनोऱ्याला एकसष्ट पायऱ्या. सासरे पुढे, मागे मी, चपला हातात घेऊन, त्यांना कळू न देता. शेवटच्या वळणाला बसले. तिथून त्यांचे फक्त पाय दिसत होते आणि दोराचं टोक. खाली अंगणात माणसं उभी असल्याची कुजबुज वर येत होती. मग पहिला टोल पडला.

ही घंटा मी कधीच ऐकली नव्हती, आणि पहिल्यांदा ऐकली ती इतक्या जवळून. दातांत कळ गेली. एक बटण डबीतून खिशात. नाद विरायला मिनिटभर लागायचा, आणि त्या मिनिटात माझ्या मनात नाही नाही ते यायचं. आता हा मोजला का मी? खिशात टाकलं ते बटण की नुसताच हात घातला? वीस झाले, तीस झाले. प्रेत महादरवाज्यातून बाहेर पडल्याचं खालच्या पावलांवरून कळलं. त्रेचाळिसाला मी श्वास धरला. ते नीट गेलं. पन्नास. साठ.

सहासष्टावा पडला. नाद विरला. पुढचा येईना.

मी वाट पाहिली. मघाचे पाय तसेच, दोर तसाच. डबीत पाहिलं, बटणं शिल्लक. बाहेर इतकं शांत झालं की खालच्या रस्त्यावरची पावलंही थांबल्यासारखी वाटली. ओरडून सांगावं तर मोजायचं मनातल्या मनात, जावं तर वर पाय ठेवायचा नाही. चार पिढ्यांचा नियम. मी त्या चार पिढ्यांना मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि वर गेले.

सासरे दोर धरून उभे होते. ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला पाहून त्यांनी नकारार्थी मान हलवली. चालती हो असं म्हणायचं होतं, की आठवत नाही असं, कोण जाणे. मी खिसा त्यांच्यापुढे उघडून दाखवला, मग डबी दाखवली. डबीतलं एक बटण उचलून त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. त्यांनी बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोर ओढला.

मग आम्ही असेच गेलो. मी बटण धरायचं, त्यांनी ओढायचं, मी ते खिशात टाकायचं, नाद विरेपर्यंत दोघांनी उभं राहायचं. पंच्याऐंशीपासून त्यांना ओढताना सगळ्या अंगाचा भार टाकावा लागला, मी दोराला हात लावला नाही. शेवटचं बटण धरलं तेव्हा डबी उलटी करून दाखवली. एकोणनव्वदावा टोल पडला. तो विरला तरी ते दोर सोडेनात, मला एकेक बोट सोडवावं लागलं.

"वर कुणी यायचं नसतं," ते म्हणाले.

"मी नाही आले बाबा. बटणं आली."

ते हसले नाहीत. उतरताना पायऱ्या मोजत होते आणि मध्येच थांबून मला विचारत होते, बटणं नक्की एकोणनव्वद होती ना? चारदा मोजली, मी म्हटलं. तरी पुन्हा विचारलं. जीव अजून टांगणीलाच होता.

अंगणात कुणी उरलं नव्हतं, सगळे प्रेताबरोबर गेलेले. एकट्या फणीमावशी खिडकीखालच्या बाकावर होत्या. साठ वर्षं बाईसाहेबांची वेणी घातली, म्हणून सगळं गाव त्यांना फणीमावशी म्हणतं. गुडघ्यांनी चालवत नाही म्हणून मागे राहिलेल्या. आज केसांतून फणी फिरवावी अशी महालात कुणी बाई उरली नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःचेच पांढरे केस मोकळे सोडले होते. फणी अजून हातात होती.

सासरे त्यांना टाळून भिंतीच्या कडेनं निघाले. मावशींनीच हाक मारली. म्हणाल्या, "बरोबर एकोणनव्वद. मधे थांबलात, माझा जीव गोळा झाला."

सासरे जागच्या जागी खिळले. पडलेल्या टोलांच्या आकड्याबद्दल महालातलं कुणी त्यांच्यापाशी आयुष्यात बोललं नव्हतं. मावशी म्हणाल्या, नियम घराण्यातल्यांना, आणि आता मला रागावणारं कोण उरलंय?

"मग त्या वेळचे तुम्हाला ठाऊक असतील," सासरे म्हणाले. "थोरल्या मालकांचे. सदुसष्ट."

"सहासष्ट," मावशी म्हणाल्या.

"सदुसष्ट पडले. मी दिलेत."

"बाईसाहेबांचे केस माझ्या हातात होते. टोलागणिक फणी. मी सहासष्टदा फिरवली, आणि त्या मनात मोजत होत्या, त्यांचेही सहासष्टच. शेवटच्याला म्हणाल्या, बरोबर दिले हो टोलवाल्यानं."

माझं डोकंच फिरलं. एक्केचाळीस वर्षं! मी मावशींवर आवाज चढवला, हा माणूस एक्केचाळीस वर्षं जळत राहिला, एक शब्द सांगायला तुमचं काय जात होतं? मावशींना यातलं खरंच काही माहीत नव्हतं. म्हणाल्या, अगं, चुकलं असतं तर गावभर झालं असतं. बरोबर झालेलं कुणी कुणाला येऊन सांगतं का? माझ्याच घरात मी सासऱ्यांना कधी म्हटलं होतं, आज मीठ बरोबर पडलं म्हणून?

मला वाटलं होतं, आता यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते सुटल्यासारखे दिसत नव्हते. आधाराला भिंत शोधत होते.

"मग पोरगं कशानं गेलं?" त्यांनी विचारलं.

मावशी म्हणाल्या, "तापानं. चार दिवस ताप होता. उतरलाच नाही."

"नुसत्या तापानं?"

"नुसत्या तापानं."

सासरे बाकाच्या टोकाला बसले. मग म्हणाले की मनोरा झाडायला गेलं की तो मुलगा घंटा बघायला मनोऱ्याखाली यायचा, घंटा मला एकदा वाजवू द्या म्हणून मागे लागायचा, आणि आपण त्याला खालूनच हाकलून द्यायचो. हे मी कधी ऐकलं नव्हतं. एक्केचाळीस वर्षांत ते त्या पोराबद्दल बोललेच नव्हते. बोलायचे ते आकड्याबद्दल, आणि तेही फक्त सासूबाईंशी.

"त्याचे नऊच दिले ना मी?" त्यांनी मावशींना विचारलं.

"नऊच," मावशी म्हणाल्या.

तेव्हा ते रडले. हुंदके देऊन, हॉटेलच्या अंगणात, मॅनेजर दारातून बघत असताना. मी त्यांच्या शेजारी बसले. संध्याकाळपर्यंत चाळीस शर्ट द्यायचे होते आणि त्यांतली एकोणनव्वद बटणं माझ्या खिशात होती.