मास्तरचा उजवा खांदा

"आज सांगूनच या," साळूबाई नवऱ्याला म्हणाली. "न सांगता आलात तर चहा मिळायचा नाय."

"सांगतो म्हणलं ना."

"मागल्या खेपेलाबी असंच म्हणले. आन मास्तरची दाढी करून देऊन परत आले!"

फकिरानं पायात चपला सरकवल्या. उत्तर द्यायचाही त्याला कंटाळा आला होता. फुलंब्रीच्या स्टँडवर औरंगाबादची गाडी लागलेली होती, खिडकीही मिळाली, पण त्यानं बाहेर पाहिलं नाही. मनातल्या मनात तो एकच वाक्य घोळवत होता. मास्तर, आता मला रजा द्या. जन्मभर गळ्यात ढोल अडकवून हिंडलेल्या माणसाला एवढंसं वाक्य उचलवत नव्हतं.

मास्तर म्हणजे नूरमोहम्मद बेंजोवाले. बेंजो म्हणजे लाकडी खोकं, त्यावर ताणलेल्या तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या पट्टीनं तारा छेडायच्या. हातगाड्यावर भोंगे बांधायचे आणि वरातीपुढं निघायचं. मराठवाड्यात अशा बेंजोपार्ट्या गल्लोगल्ली होत्या, पण नूरमास्तरसारखा दुसरा कुणी नव्हता. 'बरं झालं नव्हता,' असंही पुष्कळ लोक म्हणत.

त्याचा बाप निजामाच्या फौजेच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. पोलीस अॅक्शन झाली, फौज मोडली, आणि क्लॅरिनेट पोटासाठी लग्नाच्या मांडवात आली. बाप सांगायचा, "बेटा, ज्याचं मीठ खातो त्याच्या पसंतीचं वाजवावं." पोरानं बापाचं सगळं ऐकलं, तेवढं सोडून. त्यानं भंगारातून टेलिफोनचा कानाला लावायचा तुकडा आणला, त्यातलं चुंबक बेंजोच्या तारांखाली बसवलं. मग एक फाटका स्पीकर आणला. त्यातून आवाज असा यायचा, की जणू घसा बसलेला वाघ बाजारात भाव विचारतोय.

"अहो मास्तर, तेवढा पडदा नवा बसवून घ्या," लोक म्हणायचे.

"फाटका आहे म्हणून तर घेतला. नवा असता तर दुसऱ्याचीच गाणी गायला असता."

स्वतःची चाल सोडून त्यानं काही वाजवलं नाही. लासूर स्टेशनच्या एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न फकिराला अजून आठवत होतं. नवरदेव घोड्यावर बसलेला. फेटा बांधलेला नवरदेवाचा मामा गाड्याजवळ आला.

"ओ मास्तर, त्या नव्या पिच्चरचं होऊन जाऊ द्या की!"

"ते रेडिओवर लागतं. घरी जाऊन ऐका."

"मग तुम्हाला कशाला आणलंय?"

"तेच मी विचारतोय. मला कशाला आणलंय?"

आणि मास्तरनं सुरू केली ती मालगाडीची चाल. सकाळपासून स्टेशनात बसून, डबे एकमेकांवर आदळताना ऐकून बनवलेली. फकिराचा ढोल आदळणाऱ्या डब्यांचा, मास्तरच्या तारा रुळांच्या. ऐन भरात स्पीकरनं अशी किंकाळी फोडली, की घोडा नवरदेवासकट उधळला आणि थेट कांद्याच्या ढिगाऱ्यात जाऊन थांबला. वऱ्हाड पार्टीच्या मागं लागलं. फकिरा गळ्यातला ढोल सावरत पळत होता, आणि शेजारी हातगाडा ढकलत मास्तर हसत होता. "फकिऱ्या, घोड्याला कळलं बघ! माणसांच्या आधी कळलं!"

त्यानंतर तिकडच्या सुपाऱ्या बंद झाल्या. शहरातल्याही आटल्या. हात दिला तो बजाजनगरच्या कामगार पोरांनी. त्यांच्या मंडळानं गणपतीला बोलावलं, तर मास्तर आधी कंपन्यांच्या भिंतीबाहेर उभा राहून पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे दणके ऐकत होता. विसर्जनाच्या मिरवणुकीत त्यानं ते वाजवलं तेव्हा पाळी संपवून आलेली पोरं आधी नुसती बघतच राहिली. मग एक जण ओरडला, "अबे, हे तर आपल्या प्रेस शॉपचं आहे!" आणि त्यांनी नाचून रस्ता उखडला. पुढं कितीतरी वर्षं बजाजनगरचा गणपती मास्तरशिवाय हलला नाही.

मग डीजे आले. पार्टीतला सांडू न सांगता सोडून गेला, त्यानं स्वतःचा डीजे काढला. त्या दिवसापासून मास्तरनं सांडूचं नाव तोंडातून काढलं नाही. कुणी घेतलं तर विचारायचा, "कोण?" फकिराला भीती होती ती याचीच. थकवा त्याला सोसत होता, खांदे गेले होते तेही सोसत होतं, पण मास्तरनं आपल्याबद्दल 'कोण?' विचारावं, हे सोसणार नव्हतं.

आणि एक गोष्ट त्यानं मास्तरला कधीच सांगितली नव्हती. त्या फाटक्या स्पीकरशेजारी इतकी वर्षं चालून त्याचा डावा कान पार गेला होता. उजव्यातही मुंग्यांचं वारूळ उठलेलं असायचं. समोरून मोठ्यानं बोललेलं कळायचं, बाकीचं तो अंदाजानं भागवायचा.

शहागंजच्या मागच्या गल्लीत बिल्किसनं, मास्तरच्या लेकीनं, दार उघडलं. मास्तर खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. उन्हाळ्यात अंगावरून वारं गेलं तेव्हापासून उजवी बाजू लुळी, जीभ जड.

"क्या रे फकिऱ्या, तोंड असं का? साळूनं हाणलं का?"

"तेवढंच राहिलंय मास्तर." फकिरा नेहमीसारखा त्याच्या उजव्या हाताला बसला.

"काका, बजाजनगरची माणसं आली होती काल," बिल्किस समोर येऊन मोठ्यानं म्हणाली. "जुनी पोरं. आता टक्कल पडलंय सगळ्यांना. म्हणाले, यंदा डीजे नको, मास्तर पाहिजेत. अब्बांनी हो म्हटलं."

"मी म्हणालो, फकिरा असेल तर," मास्तर म्हणाला.

फकिराच्या ओठांवर आलेलं वाक्य परत पोटात गेलं.

"पर मास्तर, तुमचा हात..."

"एक आहे की. दुसरा तुझा. बटणं मी दाबतो, तारा तू छेड."

"मी ढोलवाला माणूस."

"म्हणूनच. सुरातली माणसं लई बघितली."

बिल्किसनं बेंजो दोघांच्या मधोमध ठेवला, स्पीकरची वायर जोडली. फकिरानं पट्टी हातात घेतली. मास्तरची बोटं बटणांवर पडली, आणि फकिराची नजर सवयीनं वर गेली. मास्तरच्या उजव्या खांद्याकडं. तो खांदा खुंटीवरच्या सदऱ्यासारखा लोंबत होता. फकिरा तो हलायची वाट बघत राहिला.

"वाजव की!"

तो दचकला, त्यानं मागाहून तार छेडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा मागं पडला. तिसऱ्या वेळी तो नुसताच तारा ओढत सुटला. बिल्किसनं त्याच्या दंडाला हात लावला तेव्हा त्याला दिसलं, की मास्तरची बोटं केव्हाची थांबलीत.

मास्तर त्याच्याकडं बघत होता. मग त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि हळूच काहीतरी म्हटलं.

"व्हय मास्तर," फकिरा हसून म्हणाला.

बिल्किसचा चेहरा उतरला. "काका, अब्बांनी विचारलं, तुझी बायको मेली का?"

फकिरानं पट्टी खाली ठेवली.

"कधीपासून?" आता मास्तर तोंड समोर आणून बोलला.

"बजाजनगरला होतो तवाच डावा गेला."

"आणि वाजवत कसा होतास?"

"तुमचा खांदा दिसायचा ना. खांदा वर गेला की मला कळायचं, आता काय येतंय ते."

"साला!" मास्तरच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, ती त्यानं डाव्या हातानं पुसली. "मला वाटायचं, दुनियेत एक फकिरा माझं समजतो. आणि तू ऐकतच नव्हतास!"

आयुष्यात पहिल्यांदाच फकिरा त्याच्यावर चिडला. "समजायला कान कशाला पायजे? मिरवणूक पुढं बघायची, मी तुमच्याकडं बघायचो. तुमचा खांदा कवा खोटा हलला नाय. हे कुनाला ठावं हाय? कान असलेल्यांना ठावं हाय का?"

मास्तरनं एकदा स्पीकरकडं बघितलं. मग म्हणाला, "सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? तुम्ही आवाज बारीक केला असता?"

मास्तरनं खरंच विचार केला. "नसता केला."

"मग?"

दोघंही थकून बसले. बिल्किसनं आणून ठेवलेला चहा निवत चालला होता. मग फकिरानं पिशवीतून ढोलाचं टिपरू काढलं. पार्टीची रीत होती. सोडून जाणाऱ्यानं आपलं टिपरू मास्तरच्या उजव्या हातात द्यायचं, मास्तरनं कपाळाला लावून त्याच हातानं परत करायचं. मग तो मोकळा. सांडूनं ते केलं नव्हतं.

"मास्तर, रजा द्या आता," फकिरा म्हणाला. "खांदं ऱ्हायलं नाय. कान तर गेलेच. मला नुस्तं बसायचंय."

त्यानं टिपरू मास्तरच्या उजव्या तळव्यात ठेवलं. बोटं मिटली नाहीत. टिपरू घरंगळून सतरंजीवर पडलं.

"अब्बा, मी धरते तुमचा हात," बिल्किस पुढं झाली.

"सोड. मेलाय तो." मास्तर वाकला. धापा टाकत त्यानं डाव्या हातानं टिपरू उचललं.

"मास्तर, डाव्यानं नको. बरं नसतं ते."

"घे मुकाट. बापाची रीत पाळली नाही, आता तुझ्यासाठी पाळू?" त्यानं टिपरू कपाळाला लावलं आणि पुढं केलं. "जा. कुणी विचारलं तर सांगेन, फकिरा माझा होता. बहिरा, पण माझा."

फकिरानं दोन्ही हातांनी टिपरू घेतलं. पाठीवरून ओझं उतरल्यावर माणसाला बरं वाटतं म्हणतात. त्याला नुसतीच झोप येत होती.

"मग बजाजनगरवाल्यांना काय सांगू?" बिल्किसनं विचारलं.

"तू बस इथं. पट्टी घे."

"मला कुठं येतं?"

"याला कुठं येत होतं?"

ती बाजूला बसली, तिला पट्टी नीट धरताही येईना. फकिरा दारात चपला शोधत होता. चपला सापडल्या, पायात घातल्या, तरी तो उभाच राहिला. मग म्हणाला, "बिल्किस, खांद्याकडं बघू नगं. तो आता कामाचा नाय. म्या आत्ता बघितलं, बटण दाबायच्या आधी मास्तर दम धरतेत. छातीकडं बघ."

"काका, थांबा ना थोडं."

"नाय गं. गाडी जाईल."

तो गल्लीत उतरला. आत काही वाजू लागलं की नाही, त्याला कळलं नाही. परत फिरून विचारावं असंही वाटलं नाही. स्टँडपर्यंत पायी जायचं होतं, आणि गुडघे आत्तापासूनच कुरकुरत होते.