सव्वापाचातले चार आणे

आधी माझ्या नणंदेचं सांगते, बाकीचं मागून. ती नसती तर पहिल्याच वर्षी मी पिशवी भरून माहेरची गाडी धरली असती. माझं माहेर सांगलीकडं, सासर कळमनुरीजवळच्या खेड्यात. मधे एक रात्र नि अर्धा दिवस. मी "कशाला" म्हटलं की बाया "काहून म्हण, काहून" करून हसायच्या. मग मी बोलणंच टाकलं. नणंद तेवढी चुलीपाशी येऊन बसायची. "हसू द्या त्यायला. मला सांगा वहिनी, तुमच्याकडं वांग्यात कूट घालतात का?" असं काहीबाही विचारत राहायची, मी बोलावं म्हणून.

ती बारावी झालेली. कळमनुरीत कॉम्प्युटरचा क्लास लावला होता, तीन महिन्यांचा. सासऱ्यांनी अट घातलेली : "पास झालीस तर नांदेडला मावशीकडं राहा, नोकरी बघ. न्हाई झालीस तर बघून गेलेल्या पावण्याला हो म्हणून टाकतो." पोरीला एकटीला पाठवायचं नाही, म्हणून सोबतीला मी. मी सातवीतून शाळा सोडलेली, आईबरोबर बाजारात भाजी विकायला बसलेली. कॉम्प्युटर म्हणजे मला टीव्हीच.

तिला रोज एक तास मशीन मिळायचं. मी भिंतीकडच्या बाकावर पदर सावरून बसायची. परीक्षेला आठवडा राहिला आणि एक दिवस तिनं हाक मारली, "इकडं या, हे तुमच्या कामाचं हाय."

कुणीतरी मशीनवर एक खेळ टाकून ठेवला होता. आपण किराणा दुकानात कोंडले गेलोय, आणि मालाचे भाव ओळखून एकेक कुलूप उघडत बाहेर पडायचं. मी हात मागं घेतला. बिघडलं तर?

"बिघडत न्हाई हो. इंग्रजी माझं, हिशोब तुमचा."

पहिली कुलपं मी चटाचटा उघडली. तिला कागद लागायचा, मला नाही. "अगं माय, तुमच्या डोक्यात तर तराजूच हाय वहिनी!" ती म्हणाली. असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्याची चटक लागली, खरं सांगते. दुसऱ्या दिवशी क्लासात शिरल्या शिरल्या मीच म्हणाले, "थोडंसंच बघू."

दाराचं कुलूप अडलं. भिंतीवर दोन चिठ्ठ्या होत्या. दोन साबण आणि एक बिस्किटपुडा मिळून आठ. एक साबण आणि एक पुडा मिळून सव्वापाच. साबणाचा भाव ओळखून आकडे दाबायचे. मी म्हटलं, आठातून पाच गेले, साबण तीनला, पुडा दोनला. ताळाही केला : दोन साबणांचे सहा, पुड्याचे दोन, झाले आठ. बराबर! दार काही हललं नाही.

तीन दिवस गेले त्यात. मी उलटसुलट तेच करत होते आणि उत्तर दर वेळी तीनच येत होतं. नणंद म्हणायची, "एवढं होऊ द्या, मंग माझे तक्ते करू." रकान्यांत बेरजा बसवायच्या, तो धडा तिचा राहिला होता. काळीपिवळी जीपमध्ये बसल्यावर तिनं स्वतःच सांगितलं होतं, "एवढंच कच्चं हाय माझं." म्हणजे मला ठाऊक होतं. तरी मी बाकावर जाऊन बसले नाही.

तिसऱ्या दिवशी परतताना साबण घेतला. दुकानदार म्हणाला, "आठ आणे चिल्लर न्हाई, गोळी घ्या." गोळी चघळत जीपमध्ये बसले आणि एकदम लख्ख दिसलं. सव्वापाचातले चार आणे मी धरलेच नव्हते! चार आणे कोण घेतं, कोण देतं? बाजारात बसणारीला सव्वापाच म्हणजे पाच. खेळ बनवणाऱ्याच्या मुलखात चार आणे चालत असावेत. साबण पावणेतीनला होता, पुडा अडीचला.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. दोघी ओरडलो. "काय, लॉटरी लागली काय?" सर तिकडून म्हणाले. तो परीक्षेच्या आधीचा शेवटचा तास होता आणि अजून बराचसा हातात होता. पण दारामागं रस्ता नव्हता, गोदाम निघालं, त्याला आणखी कुलपं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "एवढंच होऊ दे." ती सरकून बसली. तास संपला.

ती थोडक्यात नापास झाली. तक्त्याचा प्रश्न कोरा होता.

"तीन महिने काय करून राहिली होतीस?" सासरे ओट्यावरून विचारत होते.

"मलाच जमलं न्हाई, आबा."

एवढंच म्हणाली. माझ्याकडं मान वळवलीसुद्धा नाही. मी आत भाकरी थापत होते. बोलायला हवं होतं. पण बोलले तर लांबच्या मुलखातून आलेली सून पोरीचं वाटोळं करून बसली म्हणतील, परत धाडतील, या भीतीनं जीभ उचलली नाही. तव्यावरची भाकरी करपली. "ध्यान कुठं हाय तुझं?" सासूबाई म्हणाल्या. तेवढंच बोलणं मी त्या दिवशी खाल्लं. तिनं काय काय खाल्लं ते मी मोजलं नाही.

दोन महिन्यांत लग्न झालं, सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला दिली. निघताना गळ्यात पडून कानाशी म्हणाली, "गोदामाचं राहिलंच की वहिनी." आणि हसली. मी हमसून रडले. पाठवणीला रडतेय असं सगळ्यांना वाटलं.

आता मला इथली बोली येते, काहूनसुद्धा येतं. ब्लाउज शिवते, चार बाया घरी येतात. परवा ती आली होती, लेकीला घेऊन. तिच्या गावाजवळ औंढ्यात कॉम्प्युटरचा क्लास निघालाय म्हणाली, नुसतं सांगितल्यासारखं, आणि लेकीचं झबलं सरळ करत राहिली.

एक ना एक दिवस आधी सासऱ्यांना खरं सांगणार आहे. मग तिची फी मी भरीन, आणि तिच्या लेकराला मांडीवर घेऊन भिंतीकडच्या बाकावर बसेन. तास पुरा होईपर्यंत उठणार नाही.