मांडीवरचा दगड

कसारा घाटातून नाशिकला येणाऱ्या तेव्हाच्या सर्व्हिस मोटारीत माझ्या शेजारी एक लठ्ठ गृहस्थ बसले होते. मांडीवर उपरण्यात गुंडाळलेला चौकोनी दगड! समोरच्या बाईंनी देव समजून त्याला नमस्कारसुद्धा केला.

"घाटात दगडांना काय तोटा?" मी हसू दाबत विचारलं.

"मोटार मागं घसरायला लागली, की एकही हाताला लागत नाही."

अर्ध्या चढावर मोटार बंद पडली आणि खरंच मागं घसरू लागली. गृहस्थांनी उडी टाकून दगड चाकामागं सरकवला. मोटार थांबली, सुरूही झाली. पण चढावर पुन्हा थांबायची ड्रायव्हरची छाती होईना. गृहस्थ दगड घेऊन मागून धावले आणि धापा टाकत त्यांनी तो खिडकीतून माझ्या हातात कोंबला.

"याला नीट बसवा! मी येतो चालत."

बाईंनी सरकून दगडाला जागा दिली. या खेपेला नमस्कार मीही केला.